एडिसन आणि त्याची हट्टी बॅटरी

चंद्रपूर शहराच्या पोटात कोळसा आहे आणि जिल्ह्याच्या अंगावर सागवान. लालपेठ, महाकाली, दुर्गापूर-रयतवारी अशा भूमिगत खाणींवर ज्यांच्या पिढ्या जगल्या, त्या कामगारांचा दिवस लॅम्प रूमच्या खिडकीशी सुरू होत आला. खिडकीतून चार्ज झालेली बॅटरी घ्यायची, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, वायरीच्या टोकाचा दिवा टोपीवर चढवायचा आणि पाळीला उतरायचे. दुसरीकडे बल्लारशहाच्या आगारातून किंवा आलापल्लीच्या जंगलातून आलेल्या सागवानावर हात चालवणारा सुतार. अलीकडे त्याच्या पेटीतही कॉर्डलेस ड्रिल आले आहे. वीज दिवसभर टिकेल याची खात्री नसलेल्या भामरागड-एटापल्लीकडच्या एखाद्या गावात तो चौकट बसवायला जातो, तेव्हा त्याची सारी भिस्त ड्रिलच्या मुठीखाली बसवलेल्या बॅटरीवर असते. कामगाराच्या कमरेची आणि सुताराच्या हातातली, या दोन्ही बॅटऱ्यांची कुळकथा शोधू गेल्यास एका माणसाचे नाव टाळता येत नाही. ते नाव थॉमस अल्वा एडिसन.

एडिसन म्हटले की विजेचा दिवा, फोनोग्राफ आणि फार तर चलचित्रांचा कॅमेरा आठवतो. अमेरिकेत त्याच्या नावावर १,०९३ पेटंट जमा झाली, हेही शाळेच्या पुस्तकातून पाठ झालेले असते. मात्र ज्या एका वस्तूने त्याच्या आयुष्यातील सलग दहा वर्षे खाल्ली, त्याच्याच खिशातील दहा लाखांहून अधिक डॉलर गिळले आणि भर बाजारात त्याला मान खाली घालायला लावली, ती वस्तू म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी. आज कॉर्डलेस ड्रिल विकत घेणाऱ्याला जे प्रश्न पडतात, म्हणजे बॅटरी कोणत्या जातीची घ्यावी, ती किती वर्षे टिकेल, तिची निगा कशी राखावी, त्यातील बहुतेक प्रश्न एडिसनच्या या झुंजीत येऊन गेलेले आहेत.

११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातील मिलान या छोट्या गावी त्याचा जन्म झाला. शाळेत तो फारसा रमला नाही. आईने घरीच शिकवले. बाराव्या-तेराव्या वर्षी पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट धावणाऱ्या आगगाडीत तो वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला, सामानाच्या डब्यात त्याने रसायनांची बाटलीबंद प्रयोगशाळा थाटली आणि तिथेच एकदा आगही लावून घेतली. ऐकू कमी येण्याचा विकार त्याला लहानपणीच जडला. १८६२ मध्ये माउंट क्लेमेन्स स्थानकावर रुळांवर खेळणाऱ्या स्टेशनमास्तरच्या मुलाला त्याने डब्याखाली येण्यापासून वाचवले. कृतज्ञ बापाने त्याला तारयंत्र शिकवले. एडिसनच्या आयुष्याला वळण लावणारी घटना म्हणून ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तारघराबरोबर त्याच्या आयुष्यात बॅटरीही आली, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या काळची तारघरे बॅटरीवरच चालत. काचेच्या बरण्यांत आम्ल आणि त्यात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्या, असा सारा कारभार. पट्ट्या झिजत, आम्ल उतू जाई, जोडण्यांवर गंज चढे. वीस वर्षांचा तरुण एडिसन केंटकीतील लुईव्हिल येथे रात्रपाळीला असताना या बरण्यांशी स्वतःचे प्रयोग करी. १८६७ मध्ये अशाच एका रात्री त्याच्या हातून गंधकाम्ल सांडले, लाकडी तक्तपोशीच्या फटींतून झिरपले आणि खालच्या मजल्यावरील साहेबाच्या टेबलावर पडले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. बॅटरीने दिलेला हा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. १८७५ मध्ये न्यूअर्क येथील कारखान्यात एडिसन आणि त्याचा सहकारी चार्ल्स बॅचलर यांनी विजेवर चालणारी लेखणी तयार केली. ८ ऑगस्ट १८७६ रोजी तिचे पेटंट मिळाले. लेखणीच्या माथ्यावर इवलीशी मोटर, तिच्यावर फिरणारे चक्र आणि त्याने वरखाली नाचणारी सुई. ही सुई सेकंदाला सुमारे पन्नास वेळा कागदाला टोचे. लिहिणाऱ्याने नेहमीसारखे लिहित जावे, कागदावर बारीक छिद्रांची अक्षरे उमटत जात. त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की हव्या तितक्या नकला निघत. एके काळी आपल्याकडे प्रत्येक शाळेत आणि कचेरीत जे सायक्लोस्टाईल यंत्र दिसे, त्याच्या घराण्यातील हे एक आरंभीचे अपत्य. हातात धरून चालवायचे, मोटर असलेले, बॅटरीवर चालणारे आणि दुकानातून विकले गेलेले असे अवजार त्यापूर्वी जवळपास नव्हतेच. त्या अर्थाने कॉर्डलेस ड्रिलची ती पणजी ठरावी. तिला बॅटरीपर्यंत जाणारी वायर होती, एवढाच काय तो फरक.

लेखणी उत्तम होती. घोडे अडले ते बॅटरीपाशी. आम्लाच्या दोन बरण्या टेबलावर ठेवून कारकुनाने काम करायचे होते. काम संपताच पट्ट्या आम्लाबाहेर उचलून ठेवाव्या लागत, त्यासाठी बॅटरीला एक दांडाही दिलेला होता. कारकून हा दांडा वर करायला विसरत. पट्ट्या रात्रभर आम्लात राहून खाऊन जात आणि सकाळी लेखणी मुकी होई. आम्ल बदलणे, पट्ट्या घासणे, जोडण्या साफ ठेवणे हे काम कारकुनाला आपले वाटले नाही. पाहता पाहता प्रतिस्पर्ध्यांनी हवेच्या दाबावर आणि पायाने चालणाऱ्या लेखण्या आणल्या आणि १८८० च्या सुमारास एडिसनच्या लेखणीची विक्री ओसरली. पुढे १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने तिच्याच तत्त्वावर गोंदण्याचे यंत्र बनवून पेटंट घेतले. सुई टिकली, मोटर टिकली, बॅटरी तेवढी मागे राहिली. अवजार कितीही चांगले असले तरी बॅटरीची निगा वापरणाऱ्याला जमली नाही तर ते अडगळीत जाते, ही गोष्ट एडिसनने अशा रीतीने विसाव्या शतकाच्या पंचवीस वर्षे आधी पाहिली.

त्यानंतरच्या यशाची कहाणी सर्वश्रुत आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र. १८८४ मध्ये त्याची पहिली पत्नी मेरी वारली, १८८६ मध्ये मिना मिलर हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला. या काळात युरोपात गास्तों प्लान्ते याची १८५९ मधील शिसे आणि आम्लाची बॅटरी सुधारून बाजारात येत होती आणि तिच्या कंपन्यांचे समभाग जोरात विकले जात होते. एडिसनला हा सारा प्रकार भागधारकांना गंडवण्याचा वाटे आणि १८८३ मध्ये त्याने तसे उघड सांगूनही टाकले. जो पुढे स्वतःच बॅटरी विकणार होता, त्याने बॅटरी विकणाऱ्यांविषयी इतके कठोर मत देऊन ठेवावे, यात काळाचा विनोद आहे.

१८९० चे दशक एडिसनने न्यू जर्सीतील ऑग्डेन्सबर्गच्या डोंगरात घालवले. कमी प्रतीचे लोहखनिज दळून चुंबकाने लोखंड वेगळे काढण्याचा तो उद्योग होता. मेसाबी येथील उंची खनिज स्वस्तात मिळू लागले आणि हा डोलारा कोसळला. सुरजागडच्या डोंगरातील खनिजावरची चर्चा ऐकणाऱ्या वाचकाला खनिजाच्या प्रतीचे हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. पन्नाशी ओलांडलेला, मोठ्या नुकसानीतून बाहेर पडलेला एडिसन १८९९ च्या सुमारास बॅटरीकडे वळला, तो या पार्श्वभूमीवर.

रस्त्यांवर तेव्हा विजेच्या मोटारी धावत होत्या. त्यांच्यात शिशाची बॅटरी असे. ती जड होती, तिच्यातील आम्ल धातू खात होते आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर चढून ती कायमची निकामी होत होती. एडिसनने ठरवले की आम्लच नको. पोटॅशच्या क्षारयुक्त द्रावणात एका बाजूला निकेल आणि दुसऱ्या बाजूला लोखंड, अशी जोडी त्याने शोधून काढली. शोध घेण्याची त्याची पद्धत चिवट होती. एकामागून एक पदार्थ घ्यायचे, घट बांधायचे, भरायचे, रिकामे करायचे, नोंद करायची, पुन्हा दुसरा पदार्थ. हजारोंनी प्रयोग झाले. नेमक्या त्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा तरुण संशोधक याच वाटेवर होता. त्याने १८९९ मध्ये निकेल आणि कॅडमियम यांचीही जोडी बसवली होती. दोघांत पेटंटवरून कोर्टकज्जे झाले. पैसा, प्रसिद्धी आणि वकील यांचे पारडे एडिसनकडे जड होते, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

१९०१ मध्ये एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी स्थापन झाली. वर्तमानपत्रांनी नव्या बॅटरीचे गोडवे गायले आणि एडिसननेही आश्वासने देताना हात आखडता घेतला नाही. १९०३ मध्ये ‘ई’ जातीची बॅटरी बाजारात आली, मालवाहू गाड्यांत बसू लागली आणि काही महिन्यांतच तक्रारी सुरू झाल्या. पत्र्याच्या डब्यांचे डाख दिलेले सांधे पाझरू लागले. त्याहून वाईट म्हणजे निकेलच्या बाजूला वीज वाहून नेण्यासाठी मिसळलेला ग्रॅफाइट आपले काम सोडू लागला आणि बॅटरीची धारणशक्ती घसरू लागली. काही बॅटऱ्या ठणठणीत, काही मरतुकड्या, आणि कोणती कधी दगा देईल याचा नेम नाही.

ग्राहक अद्याप मागणी करत होते. कारखाना चालू होता. एडिसनने १९०४ मध्ये उत्पादन थांबवले आणि सदोष बॅटऱ्या पैसे परत करून माघारी घेतल्या. त्याच्या आयुष्यातील हा प्रसंग दिव्याच्या शोधाइतकाच मोठा मानायला हरकत नाही. नामवंत माणसाला आपली वस्तू चुकली असे बाजारात कबूल करणे सोपे नसते, आणि एडिसन काही विनयासाठी प्रसिद्ध नव्हता.

पुढील पाच वर्षे त्याने ग्रॅफाइटला पर्याय शोधण्यात घालवली. हाती लागलेली युक्ती पाहण्याजोगी आहे. फिरत्या नळकांड्यावर एक थर तांब्याचा आणि एक थर निकेलचा, असे शंभरावर थर विजेच्या साहाय्याने आळीपाळीने चढवायचे. तयार झालेला पत्रा बारीक कापायचा आणि द्रावणात टाकून तांबे विरघळवून टाकायचे. उरतात निकेलच्या अतिशय पातळ पापुद्र्यांसारख्या चकत्या. या चकत्या आणि निकेलचे संयुग छिद्रे पाडलेल्या पोलादी नळ्यांत थरावर थर ठासून भरायचे. द्रावणात थोडे लिथियमचे संयुगही मिसळले जाऊ लागले. सांध्यांना डाख देण्याऐवजी वेल्डिंग आले. तयार बॅटऱ्या यंत्रावर सतत आदळल्या जात, इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पाहिल्या जात. १९०९ मध्ये ‘ए’ जातीची बॅटरी बाहेर पडली. ही बॅटरी खरोखरच दणकट होती. उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली तरी तिला फारसे काही होत नसे. प्रमाणापेक्षा जास्त चार्ज झाली तरी ती सहसा दगावत नसे. वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे, काही वर्षांनी द्रावण बदलावे, एवढीच तिची मागणी.

एक पथ्य मात्र कडक होते. शिशाच्या बॅटरीसाठी वापरलेले भांडे, नळी वा मापनयंत्र या बॅटरीला लावायचे नाही. आम्लाचा अंशही क्षाराच्या बॅटरीचा घात करी. प्रत्येक बॅटरीचा स्वभाव निराळा असतो आणि एकीची निगा दुसरीला मारक ठरू शकते, हे तेव्हाच्या कामगारांना शिकवावे लागले. आजच्या सुतारालाही ते समजून घ्यावे लागते. जुन्या निकेल-कॅडमियम ड्रिलची बॅटरी अधूनमधून पूर्ण उतरू द्यावी, असा मिस्त्रींचा शिरस्ता होता आणि तो त्या बॅटरीपुरता ठीक होता. लिथियम-आयनची बॅटरी त्याच हिशेबाने वापरली आणि पूर्ण उतरलेली तशीच पेटीत महिनाभर ठेवली, तर ती पुन्हा चार्जच होत नाही. ती साधारण निम्मी भरून ठेवलेली बरी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, अशा दुपारी पत्र्याच्या छपराखाली काम करून तापलेली बॅटरी तडक चार्जरला लावणे म्हणजे तिचे आयुष्य स्वहस्ते कमी करणे. ती सावलीत निवू द्यावी, मगच लावावी. चार्जर तिच्याच कंपनीचा, तिच्याच व्होल्टचा असावा. निवड करतानाही नुसत्या व्होल्टच्या आकड्यावर भाळून चालत नाही. १२ व्होल्टचे हलके ड्रिल स्क्रू पिळायला आणि बारीक छिद्रांना पुरते. जाड सागवानी चौकटीत मोठ्या बिटने दिवसभर छिद्रे पाडायची असतील तर १८ व्होल्टचे घ्यावे. बॅटरी किती अॅम्पिअर-तासांची आहे, हे तिच्या अंगावर छापलेले असते. त्यावर एका चार्जिंगमध्ये किती काम होईल हे ठरते. वीज बेभरवशाची असलेल्या गावात एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन मध्यम बॅटऱ्या बाळगणे अधिक उपयोगी पडते, कारण एक कामावर असताना दुसरी भरता येते.

एडिसनकडे परत यायचे तर, त्याची बॅटरी सिद्ध झाली तोवर बाजार हलला होता. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरने कॅडिलॅक गाडीचे हँडल मारण्याचे कष्ट संपवले आणि पेट्रोलच्या मोटारीची शेवटची अडचण दूर झाली. या स्टार्टरला एका क्षणी भरपूर वीज लागे; ते काम शिशाची बॅटरी सहज करी, एडिसनची बॅटरी करू शकत नसे. तिच्या एका घटाचा दाब १.२ व्होल्ट, शिशाच्या घटाचा २ व्होल्ट. थंडीतही ती मंदावे. एडिसनने ज्या मोटारीसाठी दहा वर्षे घालवली, त्या मोटारीत तिला जागा उरली नाही. फोर्ड आणि एडिसन यांनी मिळून विजेची मोटार काढण्याचे १९१४ मध्ये घाटत होते, तेही फळाला आले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वेस्ट ऑरेंज येथील त्याच्या कारखान्याच्या अनेक इमारती आगीत भस्मसात झाल्या. एडिसन तेव्हा ६७ वर्षांचा होता. काही आठवड्यांत काम पुन्हा सुरू झाले.

बॅटरीला खरे घर मिळाले ते जमिनीखाली. १९१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील जेड येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ऐंशीच्या आसपास कामगार मेले. कोळशाच्या थरातून सुटणारा मिथेन वायू आणि टोपीवरील उघड्या ज्योतीचा दिवा, ही जोडी जगभरच्या खाणींत अशीच बळी घेत होती. खाणसुरक्षेचे काम करणारे दोन अभियंते, जॉन रायन आणि जॉर्ज डाइक, एडिसनकडे आले. ज्योत नसलेला, कामगाराला दोन्ही हात मोकळे ठेवू देणारा, पूर्ण पाळी पुरणारा दिवा त्यांना हवा होता. एडिसनने आपली निकेल-लोखंडाची बॅटरी लहान करून पट्ट्यावर बसवली, तिथून वायर टोपीवरील दिव्यापर्यंत नेली आणि दिवा फुटताच संपर्क तुटून ठिणगी पडणार नाही अशी योजना केली. आदळआपट, धूळ आणि ओल सोसण्याचा जो गुण मोटारीच्या बाजारात वाया गेला होता, तो इथे कामी आला. या दिव्यासाठी १९१४ चे राथेनाऊ पदक एडिसनला मिळाले आणि १९१५ मध्ये अमेरिकेच्या खाण विभागाने त्याला मान्यता दिली. पाळी संपल्यावर दिवा लॅम्प रूममध्ये जमा करायचा, रात्रभर चार्ज करायचा, तपासून पुढच्याच्या हाती द्यायचा, ही शिस्त याच दिव्यांबरोबर खाणीखाणीतून रुजली. बॅटरीची निगा वापरणाऱ्यावर न सोडता लॅम्प रूमवर सोपवल्यामुळे विजेच्या लेखणीचे जे झाले ते दिव्याचे झाले नाही. वरोऱ्याची जुनी कोळसा खाण १९०६ मध्येच बंद झाली होती, त्यामुळे तिथल्या कामगारांना हा दिवा पाहायला मिळाला नाही. बल्लारपूर आणि चंद्रपूर परिसरातील नंतरच्या खाणींत लॅम्प रूमची तीच रीत आली.

तरीही बॅटरीचा हट्टीपणा संपला नव्हता. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघे. जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ‘ई-२’ या पाणबुडीत बसवलेल्या एडिसन बॅटऱ्यांवर काम सुरू असताना स्फोट झाला आणि माणसे दगावली. साचलेला वायू बाहेर काढण्याची व्यवस्था अपुरी होती की बॅटरी मुळातच सदोष होती, यावर वाद रंगला. एडिसनने बॅटरीची बाजू सोडली नाही. पाणबुडीत मात्र तिचे बस्तान बसले नाही. खाण, रेल्वेचे दिवे, सिग्नल आणि मालवाहू गाड्या यांत तिने पैसा मिळवून दिला आणि उतारवयात एडिसनच्या उत्पन्नाचा तीच मोठा आधार बनली.

युंगनरच्या निकेल-कॅडमियमचे दिवस नंतर आले. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकर कंपनीने पहिले कॉर्डलेस ड्रिल बाजारात आणले, ते याच बॅटरीवर. अवघ्या ४.८ व्होल्टच्या त्या ड्रिलची ताकद बेताचीच होती. २००५ नंतर लिथियम-आयन बॅटरीची ड्रिल आली आणि कॅडमियम मागे पडले. एडिसनची बॅटरी त्याच्या पश्चात चव्वेचाळीस वर्षे, १९७५ पर्यंत, बनत राहिली. जुने घट धुऊन नवे द्रावण भरले की अनेकदा पुन्हा काम देऊ लागतात, असा तिचा लौकिक आहे.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील घरी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी एडिसनचे निधन झाले. त्याला श्रद्धांजली म्हणून साऱ्या देशाचा वीजपुरवठा क्षणभर थांबवावा, अशी कल्पना पुढे आली. वीजकेंद्रे बंद करणे धोक्याचे ठरेल म्हणून ती सोडून देण्यात आली आणि राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी नागरिकांना आपापले दिवे मिनिटभर मालवण्याचे आवाहन केले. २१ ऑक्टोबरच्या रात्री दहा वाजता घरोघरचे दिवे मालवले गेले. त्या वेळी खाणीत उतरलेल्या पाळीच्या कामगारांना आपल्या टोपीवरचे दिवे अर्थातच मालवता आले नसावेत.